दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं का?

२१ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या रॉचेस्टर या गावात २९ वर्षांची एक बाई अंथरुणाला खिळून होती. आमवातानं तिचे सांधे इतके आखडले होते की कूस बदलायचीही पंचाईत. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांच्या चमूनं त्या दिवशी तिला ‘कंपाउंड ई’ नावाच्या पदार्थाची इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. आठवडाभरात ही बाई चक्क बाहेर पडून खरेदी करून आली.

ते औषध म्हणजे कॉर्टिसोन. हेंच त्याच्या शोधात जवळजवळ वीस वर्षं होते. १९२९मध्ये कावीळ झालेल्या एका आमवाताच्या रुग्णाचं सांधेदुखणं अचानक कमी झालेलं त्यांनी पाहिलं होतं. गरोदरपणातही अनेक बायकांना असाच आराम पडे. म्हणजे शरीरच काहीतरी तयार करत असणार, असा त्यांचा कयास होता. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथींतून वेगळं काढलेलं संप्रेरक नेमकं ते निघालं. १९५०मध्ये दोघांना, स्वित्झर्लंडच्या टाडेउश राइखश्टाइन यांच्यासोबत, नोबेल मिळालं.

पण तोवर चमत्काराची दुसरी बाजूही दिसू लागली होती. रुग्णांचे चेहरे सुजून गोल होत, काहींचं मानसिक संतुलन ढळे, आणि औषध थांबवलं की दुखणं परत हजर. कॉर्टिसोन आजार दाबतं, बरा करत नाही, हे हेंच स्वतःच बजावत होते.

यावर १९५१मध्ये फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी सुटसुटीत उपाय मांडला. सगळ्या शरीराला कशाला त्रास? हायड्रोकॉर्टिसोन थेट दुखऱ्या सांध्यातच टोचा. आज जगभर गुडघ्यात देतात ती सुई तिथून आली.

माझ्या सांगलीच्या आत्यानं गेल्या वर्षी तीच घेतली. दोन महिने आरामात जिना चढली. मग गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला, तेव्हा फोनवर म्हणाली, “अरे, दर दोन महिन्यांनी एक टोचून घेतलं की झालं. बिघडतं कुठं?” मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नव्हे. म्हणून या प्रश्नाचा इतिहास वाचत बसलो.

तर, बिघडू शकतं, हे इंग्लंडमधल्या चँडलर आणि राइट यांनी १९५८मध्येच लिहून ठेवलंय. सांध्यात पुन्हापुन्हा हायड्रोकॉर्टिसोन दिलेल्या रुग्णांचे एक्सरे त्यांनी तपासले आणि धोक्याचा इशारा दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसोबत अशा इंजेक्शनांनंतर ‘शार्को सांधा’ झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. हे नाव एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टर शार्को यांचं. मज्जासंस्थेच्या आजारानं संवेदना गेलेल्या रुग्णांचे सांधे कसे ढासळतात, ते त्यांनी १८६८मध्ये दाखवलं होतं. दुखत नाही म्हणून माणूस भार टाकत राहतो, आणि सांधा आतून मोडत जातो.

इथे मला माझं काम आठवलं. सर्व्हरची डिस्क भरत आली की अलर्ट येतो. तो म्यूट केला की रात्रीची झोप छान लागते, पण डिस्क भरायची थांबत नाही.

सुईचा दोष मात्र एवढाच नाही. कूर्चेच्या, म्हणजे हाडांमधल्या गुळगुळीत गादीच्या पेशींनाही जास्त स्टिरॉइड अपायकारक ठरू शकतं, असं प्रयोगशाळेत दिसलंय. तरी वाद मिटायला वेळ लागला, कारण मोजायचं कशानं? २००३च्या एका कॅनडियन अभ्यासात दोन वर्षं दर तीन महिन्यांनी इंजेक्शनं देऊनही एक्सरेत वेगळी झीज दिसली नाही. पण एक्सरेत हाड दिसतं, कूर्चा नाही. २०१७मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी १४० रुग्णांवर एमआरआय वापरून पाहिलं. निम्म्यांना दर १२ आठवड्यांनी स्टिरॉइड, निम्म्यांना नुसतं सलाइन. दोन वर्षांनी स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा सरासरी ०.२१ मिलिमीटरनं झिजली होती, सलाइनवाल्यांची ०.१०. आणि दुखण्यात? दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही!

याचा अर्थ सुई वाईट असा नाही. सांधा सुजून लाल झालाय, पाऊल टाकवत नाही, अशा वेळी एखादी सुई मोठा दिलासा देते. म्हणूनच डॉक्टर सहसा एका सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन महिने जाऊ देतात. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढू शकते, तेही आधी सांगायला हवं.

आत्याला मी एवढंच म्हटलं, “पुढची सुई घेण्याआधी डॉक्टरांना विचार, या आरामाच्या दोन महिन्यांत मी काय करू?” मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम, थोडं वजन कमी करणं, ही उत्तरं कंटाळवाणी आहेत. पण सुई फक्त वेळ मिळवून देते. त्या वेळात गुडघ्यासाठी काही केलं नाही, तर तीन महिन्यांनी आपण पुन्हा त्याच बाकावर बसलेले असतो, कूर्चा तेवढी थोडी कमी झालेली असते.