पाण्याचे कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे वाडवडील सांगून गेले. कुंडाचे मूळ सांगताना मात्र त्यांना कधी संकोच वाटला नाही! वाळकेश्वरची बाणगंगा म्हणे रामाच्या बाणाने पाताळातून वर आली. राजापूरजवळ उन्हाळे गावी काही वर्षांनी अवचित प्रकटणारे पाणी, तीही गंगाच. आमच्या मरोळ गावठाणात असेच ऐकून मी वाढलो. विहिरीत बुडी मारून पडलेली घागर काढणारे सांगत, "तळाशी कपार आहे, तिथून पाणी पलीकडच्या विहिरीत जातं."

पण बुडी मारणाऱ्याचा दम तो केवढा? एका श्वासात पाण्याची वंशावळ कशी हाती लागावी?

जर्मनीत ती रंगाने लागली. तेथे इमेंडिंगेनजवळ डॅन्यूब नदीचे पाणी पात्रातच जिरते. १८७७ साली क्नोप नावाच्या भूशास्त्रज्ञाने त्या पाण्यात १० किलो रंग आणि २० टन मीठ ओतविले. सुमारे ६० तासांनी, १२ किलोमीटरवरच्या आख गावच्या झऱ्यातून हिरवे, खारट पाणी उसळले! काळ्या समुद्राकडे निघालेली नदी जमिनीखालून ऱ्हाईनला मिळत होती.

तो मुलूख चुनखडकाचा. पावसाचे किंचित आम्ल पाणी चुनखडक विरघळवते आणि भुयारे पाडते. मेक्सिकोत हवेच्या नळकांड्या पाठीशी बांधून पाणबुडे अशा भुयारांत शिरले. २०१८ साली तेथील दोन जलभुयारे जोडलेली आढळली. एकूण लांबी ३४७ किलोमीटर!

आपला खडक निराळा, ज्वालामुखीचा. तो पाण्यात असा विरघळत नाही. मरोळशेजारच्या महाकाली लेण्यांतील भिक्षूंनी त्यातच पाण्याची टाकी कोरली. जेथे भेगा आणि सच्छिद्र थर असतात, तेथून पाणी हळूहळू झिरपते. तेव्हा काशीची गंगा आपल्या कुंडात यावयाची नाही. शेजारच्या आडाची मात्र येऊ शकते. एका विहिरीवर पंप बसला की दुसरीची पातळी उतरते, एकीत घाण पडली की दुसरी नासते, हे अनेक गावांनी अनुभवले आहे. कपारीची गोष्ट सांगणारे अगदीच थापा मारीत नव्हते.

विहीर सातबाऱ्यावर एकाची असेल. तिच्या पाण्याला बांध ठाऊक नाही. दिवाळीच्या पहाटे अंगावर पहिला तांब्या घेताना गंगेचे नाव जरूर घ्यावे. त्यासोबत शेजारच्या विहिरीचेही घ्यावे.