खिशातले पाते आणि शेजारचे पोलाद

देवणी म्हटले की सगळ्या महाराष्ट्राला गाय-बैल आठवतात. या जातीची पारख असणारा माणूस वानेरा, बालंक्या आणि शेवरा यांतला फरक लांबूनच सांगतो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात किंवा माळेगावच्या यात्रेत शिंगे, खूर, दात आणि चाल पाहिल्याशिवाय तो कासऱ्याला हात लावत नाही. याच माणसाच्या खिशातला घडीचा चाकू मात्र पाहिलाही न जाता विकत घेतलेला असतो. रंग आवडला, भाव पटला, घेतला! दावे तोडणे, सुतळी कापणे, पेरू चिरणे, ही कामे दिवसातून दहा वेळा तोच चाकू करतो, तरी त्याची पारख कोणी शिकवत नाही.

आता शहरांतून आणि हळूहळू तालुक्याच्या गावांतूनही काही हजार रुपये मोजून परदेशी चाकू घेणारी तरुण मंडळी दिसू लागली आहेत. कोणता घ्यावा, असा त्यांचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचा इतिहास आपल्या शेजारून गेलेला आहे.

घडी घालून जवळ बाळगण्याचे पाते आपल्याला नवे नाही. चंचीत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी यांच्या सोबतीला असणारा अडकित्ता हे बिजागरीवर फिरणारे पातेच आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचे जे नमुने आहेत ते पाहिले म्हणजे रोजच्या वापरातल्या एका वस्तूवर आपल्या कारागिरांनी किती जीव लावला होता ते कळते. दुसरे पाते लेखणिकाचे. मोडी लिहिणाऱ्याला बोरू पुन्हा पुन्हा तासावा लागे. फारसी दफ्तरात या छोट्या चाकूला कलमतराश म्हणत. इंग्रजांकडे पिसाची लेखणी तासायचा तो पेननाइफ. खिशातल्या चाकूला इंग्रजीत आजही हे नाव चालते, लेखणी बदलून जमाना झाला तरी.

शब्दांकडेही जरा पाहा. सुरी संस्कृतातून आली, चाकू फारसीतून आला, आणि कन्नड-तेलुगूत चाकूला कत्ती म्हणतात. 1956च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत उदगीर-देवणीचा हा भाग बिदर जिल्ह्यात होता, त्यामुळे या सगळ्या शब्दांची इथे ये-जा. कन्नडातला आणखी एक शब्द आपल्या कामाचा आहे, उक्कु. उक्कु म्हणजे पोलाद. याच शब्दाचा युरोपियनांच्या तोंडी 'वुट्झ' झाला, असे मानतात.

1794 साली मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या वुट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची तपासणी करून 1795 साली निबंध वाचला. बँक्स यांच्या सांगण्यावरून जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या कारागिराने त्या पोलादाचा एक तुकडा ठोकून पाहिला. आच किती, तर अंधारात लोखंड जेमतेम तांबूस दिसावे एवढीच. त्यातून त्याने काय घडवले? तलवार नव्हे, खंजीर नव्हे. एक पेननाइफ! उत्तमातल्या उत्तम पोलादी चाकूइतकीच त्याची धार बारीक निघाली, अशी नोंद पिअर्सन यांनी केली आहे. स्टोडार्ट पुढे या पोलादाचा खंदा पुरस्कर्ता झाला. विजेच्या संशोधनाने जगाला माहीत असलेला मायकेल फॅरडे, लोहाराचाच मुलगा, 1819 साली वुट्झचे पृथक्करण करून पुढे याच स्टोडार्टबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग करत होता.

असे पोलाद दक्षिणेत अनेक ठिकाणी होत असे. त्यांतले एक नामांकित ठिकाण आपल्या शेजारी, निजामाच्याच राज्यात होते. ते म्हणजे आजच्या तेलंगणातले, निर्मल-निजामाबाद भागातले कोनासमुद्रम. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम करणारा शल्यचिकित्सक आणि भूवैज्ञानिक हेन्री व्हॉयसे याने तिथल्या भट्ट्या पाहून लिहिलेले वर्णन त्याच्या मृत्यूनंतर, 1832 साली छापले गेले. मातीच्या मुशीत लोखंड आणि कर्ब देणारे पदार्थ घालायचे, तोंड लिंपून बंद करायचे, तासन् तास भाता मारायचा आणि मग मूस सावकाश निवू द्यायची. निघालेल्या लहानशा लादीत कर्बाचे प्रमाण शेकडा एक ते दोनच्या दरम्यान असे. ते घ्यायला इराणचे व्यापारी तिथे येऊन राहत.

मग खिशातला चाकू आपल्याकडे शेफील्डहून का आला? पोलाद कमी दर्जाचे होते म्हणून नव्हे. आपल्या मुशीतले पोलाद तलवारीसाठी दूरदेशी जात होते, आणि गावच्या लोहाराच्या किंवा बैलगाडी घेऊन फिरणाऱ्या घिसाड्याच्या ऐरणीवर विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडत होत्या त्या साध्या लोखंडाच्या. पोलाद करणारा आणि रोजची वस्तू करणारा यांची गाठ फारशी पडलीच नाही. शेफील्डमध्ये ती पडली. बेंजामिन हंट्समन याने 1740च्या दशकात मुशीतले पोलाद तिथे सुरू केले. त्याच गावात पाते ठोकणारा एक, त्याला सहाणेवर धार देणारा दुसरा आणि मूठ-कमान जुळवणारा तिसरा, अशी कामाची वाटणी रुळली. जोसेफ रॉजर्स या तिथल्या कंपनीने 1851च्या लंडन प्रदर्शनात 75 पात्यांचा एक चाकू मांडला होता. वापरायला निरुपयोगीच, पण कारागिरीचा डौल कसला! एकोणिसाव्या शतकात स्वस्त विलायती लोखंड-पोलाद आले आणि कोनासमुद्रमसारख्या ठिकाणच्या भट्ट्या थंड होत गेल्या.

घडीच्या चाकूचा खरा जीव त्याच्या कमानीत आहे, आणि नेमकी तीच कोणी तपासत नाही. चांगला चाकू उघडला की 'खट्' असा एकच घट्ट आवाज येतो. मग पाते बोटांत धरून आडवे हलवावे. डुलले तर चाकू ठेवून द्यावा, मग त्यावर शिक्का कोणाचाही असो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरने 1891 पासून तिथल्या सैन्याला चाकू पुरवले आणि 1897 मध्ये आजचा प्रसिद्ध लाल चाकू नोंदवला. फ्रान्समधल्या सॅव्हॉयच्या जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये लाकडी मुठीचा शेतकऱ्याचा चाकू केला. पाते बोटांवर मिटू नये म्हणून फिरवून बसवायचे कडे त्याला 1955 मध्ये आले. सुतळी ओढून कापणाऱ्याला हे कडे फार मोलाचे. माझ्या मते आपल्या शेतकऱ्याला या दोन घराण्यांच्या पुढे जाण्याची गरज नाही. भुकटी दाबून केलेली आजची महागडी पोलादे धार खूप दिवस धरतात हे खरे, पण ती एकदा गेली की साध्या निसण्याला दाद देत नाहीत, हिऱ्याचा दगड लागतो.

चाकू म्हटले की पोलीस आठवावा, ही मात्र सिनेमाची देणगी. रामपुरी पडद्यावर इतक्या वेळा उघडला की फळ कापायच्या हत्याराकडेही लोक संशयाने पाहू लागले. 1959च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांनी 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या यादीत घातली, आणि घरगुती व शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली. तरीही विशिष्ट भागापुरती सरकारी अधिसूचना किंवा जमावबंदीच्या काळातले आदेश वेगळे असू शकतात, आणि विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही. खिशासाठी तीन-साडेतीन इंचांचे पाते पुरेसे आहे. त्याहून मोठे शेतात शोभते, एसटीत नाही.

राहता राहिला गंजाचा प्रश्न. शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये न गंजणारे पोलाद केले. तोवर प्रत्येक चाकू गंजणाराच होता. साधे कर्बी पोलाद आजही मिळते. त्याला निसण्यावर चार हात मारले की धार येते, पण कैरी किंवा चिंच लागली की ते काळवंडते. त्याने बिघडत नाही, मात्र लगेच पुसायला हवे. पुसून झाल्यावर आपल्याकडे हाताशी असते म्हणून करडईचे तेल बिजागरीत सोडू नये. ते वाळून चिकट होते आणि पाते अडते. तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.