व्याही, शेजारी आणि वैरी



‘विजयनगरचे राज्य का बुडाले?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला पाठ होते. दक्षिणेतले सुलतान एकत्र आले, तालिकोटची लढाई झाली, विजयनगर पडले. उत्तर चूक नव्हते. पण लढाईआधीच्या दोनशे वर्षांत ही राज्ये एकमेकांची कोण होती, हे त्यात येत नव्हते. आपला कुंडलचा मुलूख पुढे आदिलशाहीतला, म्हणून ही गोष्ट आपल्याही घरची आहे.

विजयनगरची स्थापना 1336 ची, बहमनी राज्याची 1347 ची. भांडण मुख्यतः कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्यामधल्या रायचूर दुआबाचे. आपल्या शेजारून वाहणारी कृष्णाच पुढे जाऊन ही सरहद्द होई. सुपीक जमीन आणि रायचूर, मुदगलसारखे किल्ले दोघांनाही हवे होते. दोन भावांत बांधावरून कज्जा चालावा, तसा हा कज्जा पिढ्यान्‌पिढ्या चालला.

पण बांधावरून भांडणारे सोयरीकही करतात. 1406 च्या सुमारास युद्ध झाल्यावर पहिल्या देवरायाने आपली मुलगी फिरोजशहा बहमनीला दिली आणि बंकापूरचा किल्ला आंदण दिला, असे फेरिश्ता हा विजापूर दरबारचा इतिहासकार सांगतो. जावई विजयनगरला पाहुणचार घेऊन परतताना सासरा त्याला छावणीपर्यंत पोचवायला गेला नाही, अर्ध्यातून मागे फिरला. त्याचा राग सुलतानाने मनात धरला. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जाणाऱ्या आपल्या लोकांना हा राग वेगळा समजावून सांगायला नको.

पुढे दुसऱ्या देवरायाने आपल्या सैन्यात मुसलमान धनुर्धारी आणि घोडेस्वार घेतले. हंपीला अहमद खान या त्याच्या सरदाराने 1439 मध्ये बांधलेली मशीद आजही उभी आहे. राजाला पुण्य लाभावे म्हणून ती बांधली, असे तिथला शिलालेख सांगतो. आपल्यापैकी बरेच जण हंपी पाहून आले असतील. पुन्हा गेलात तर तीही पाहा.

बहमनी राज्य फुटून विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा अशी राज्ये झाली, तरी येणे-जाणे थांबले नाही. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशहा गादीवर येण्याआधी सात वर्षे विजयनगरच्या आश्रयाला होता. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा विजापूरचा तरुण अली आदिलशहा स्वतः सांत्वनाला गेला आणि रामरायाच्या पत्नीने त्याला मुलगा मानले, असे फेरिश्ता लिहितो. मग दोघांनी मिळून अहमदनगरवर स्वारी केली.

रामरायाचे बळ वाढत गेले. आज एका सुलतानाला हाताशी धरून दुसऱ्याला नमवायचे, उद्या उलट. शेवटी सगळ्यांनाच त्याची धास्ती वाटू लागली. अहमदनगरची चांदबिबी विजापूरला दिली गेली, सोलापूरचा किल्ला आंदण आला आणि कालचे वैरी व्याही झाले. 23 जानेवारी 1565 रोजी रामराया रणात पडला. ज्याला त्याच्या घरात मुलगा मानले होते, तो समोरच्या फौजेत होता.

या राजांनी धर्माची भाषा वापरली नाही असे नाही. लढाईनंतर विजयनगरची लूट आणि नासधूसही झाली. ती झाकायचे कारण नाही. पण सोयरीक जुळली आणि मोडली ती किल्ले, महसूल आणि मानपान यांसाठी. हे वगळून सांगितलेला इतिहास अर्धाच राहतो आणि अर्धा इतिहास भांडणाच्या फार उपयोगी पडतो.

त्या शेजाराची खूण आपल्या तोंडीही आहे. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचे दप्तर फारसीतून देशी भाषेत आणले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. गावचे कागद मोडीत लिहिले जात राहिले. जमीन, महसूल, अर्ज, फिर्याद हे शब्द मराठीच होऊन गेले. 1943 मध्ये कुंडल हे ज्या प्रतिसरकारचे केंद्र झाले, त्याच्या नावातला ‘सरकार’ हा शब्दही फारसीच. इंग्रजांविरुद्ध उठताना तो परका आहे, असे आपल्या आजोबा-आजींना कधी वाटले नाही.

मुले आता इतिहास मोबाईलवरच्या दोन ओळींत वाचतात. त्यांना तालिकोटची लढाई जरूर सांगूया. पण त्याआधीची दोनशे वर्षेही सांगूया.