मालिटसायबाचं घर

माथेरानच्या 'बाइक' हॉटेलचं नाव निघालं की आमची आजी हटकून म्हणायची, "हाटेल कसलं? मालिटसायबाचं घर ते." तिचं माहेर नेरळचं. तिच्या आजोबांची हयात ओझी वाहत डोंगर चढण्यात गेली, त्यामुळे वरची प्रत्येक वास्तू ती वजनात मोजायची.

कागदोपत्री हकिकत सुटसुटीत आहे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ पायथ्याच्या चौक गावी पडला होता. तिथून ते डोंगरावर चढले, झाडीवर आणि गार हवेवर भाळले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी वर घर बांधलं. माथेरानमधला हा पहिला बंगला. मागोमाग मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, रस्ते झाले, बंगले उठले, हॉटेलं निघाली. 'रग्बी' हॉटेल १८७६ चं. मॅलेट यांच्या घराचंही कालांतराने हॉटेल झालं.

मॅलेट यांनी माथेरान 'शोधलं' असं पुस्तकांत छापतात. ते वाचून दाखवलं की आजी पदर तोंडाला लावून हसायची. "आन् ठाकर काय झोपलेले का रं वर?" यावर कोणत्याही इतिहासकाराने काय बोलावं!

नेरळहून वर जाणारी छोटी गाडी सुरू झाली १९०७ साली, अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या जिद्दीने. तोवर साहेब घोड्यावरून, मडमा पालखीतून आणि सामान माणसांच्या डोक्यावरून. भिंतींचा जांभा दगड तेवढा डोंगराने दिला. काचा, पलंग, कपाटं सगळं खालून. आजीच्या आजोबांच्या टाळूवर चुंबळीच्या मापाचं गोल टक्कल पडलं होतं. लहानपणी ती त्यावर बोट फिरवायची, तेव्हा ते बिडाच्या टबाची गोष्ट सांगत. साहेबाला न्हायला लागणारा तो टब बांबूला बांधून वर नेला. एका वळणावर तो फिरेना, म्हणून उभा करून, पोटाशी धरून पुढे काढला. आजी म्हणे, सहा गडी होते. तिची धाकटी बहीण आठ सांगे. आजीच्या मते टब बाइकवर गेला, बहिणीच्या मते रग्बीवर. दोघींचा यावरून अबोला व्हायचा! मला विचाराल तर दोघींचं खरं असणार. डोंगरावर टब काय एकच गेला असेल?

मोटारी अजूनही दस्तुरी नाक्यावरच थांबतात. मागे गेलो तेव्हा तिथे एक फ्रीज उतरत होता. "घोड्यावर का घालत नाही?" मी हमालाला विचारलं.

"घोडा बिचकतो, दादा," तो चुंबळ वळत म्हणाला. "आन् फ्रीजला दोन बाजूला लोंबकाळता येत नाय."