श्वास घेणारं रॉकेट इंजिन : ‘सेबर’ची गोष्ट

आजची गोष्ट एका इंजिनाची. जवळपास चाळीस वर्षं माणसं त्याच्यामागे होती, आणि ते पूर्ण असं एकदाही चाललं नाही.

आधी सांगा, रॉकेट एवढं जड का असतं? हायड्रोजनवर चालणाऱ्या रॉकेटला १ किलो हायड्रोजनमागे साधारण ६ किलो ऑक्सिजन टाकीत भरून न्यावा लागतो. आणि सुरुवातीला ते जातं कुठून? हवेतूनच! म्हणजे नदीत पोहताना पाठीवर पाण्याची घागर घेतल्यासारखं झालं.

ब्रिटिश इंजिनिअर अ‍ॅलन बाँड यांनी १९८०च्या दशकात यावर तोडगा सुचवला. विमानासारखं धावपट्टीवरून उडायचं, वर जाताना हवेतलाच ऑक्सिजन वापरायचा आणि हवा विरळ झाली की त्याच इंजिनाचं रॉकेट करायचं. ब्रिटिश एरोस्पेस आणि रोल्स-रॉइस यांनी यावर ‘होटोल’ हा प्रकल्प उभा केला. पण १९८८ मध्ये सरकारने पैसे थांबवले. वर इंजिनाचं पेटंट गोपनीयतेच्या कायद्याखाली! म्हणजे बघा, कल्पना बाँड यांची आणि दार त्यांनाच बंद.

मग १९८९ मध्ये रिचर्ड व्हार्विल आणि जॉन स्कॉट-स्कॉट या जोडीदारांबरोबर त्यांनी ‘रिअ‍ॅक्शन इंजिन्स’ ही कंपनी काढली. जुनी रचना वापरता येईना, म्हणून नवी आखली. तीच ‘सेबर’.

खरी अडचण होती उष्णतेची. आवाजाच्या पाचपट वेगाने जाताना आत शिरणारी हवा सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ती आणखी दाबली तर इंजिनच टिकणार नाही. म्हणून आधी ती गार करायची, तीही सेकंदाच्या शंभराव्या भागात, उणे १५० अंशांपर्यंत! त्यासाठी केसाहून पातळ भिंतींच्या हजारो नळ्या आणि त्यांतून फिरणारा थंड हेलियम.

पण हवेत बाष्प असतं ना! नळ्यांवर बर्फ धरला की काही सेकंदांत वाटच बंद. यावरची युक्ती कंपनीने कितीतरी वर्षं गुपित ठेवली. २०१२ मध्ये एका जुन्या जेट इंजिनाने या नळ्यांमधून हवा खेचून चाचणी घेतली आणि बर्फ धरला नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोला १००० अंशांच्या हवेचीही परीक्षा पार पडली.

म्हणजे सगळ्यांना अशक्य वाटणारा भाग जमला होता. मग अडलं कुठे? पैशात. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने ६ कोटी पौंड जाहीर केले, २०१५ मध्ये बीएई सिस्टिम्सने गुंतवणूक केली. पण पूर्ण इंजिन आणि त्यावरचं ‘स्कायलॉन’ विमान यांना याच्या कैक पटींनी पैसा लागणार होता. तोवर परत उतरून पुन्हा उडणारी साधी रॉकेटं नेहमीची झाली होती. तीही ऑक्सिजन पाठीवर वाहून नेणारीच, पण आज उडणारी. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या.

या गोष्टीत चूक कुणाची म्हणायची? भौतिकशास्त्राने तर साथ दिली होती. मला तरी ते १९८८ साल सारखं आठवतं. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!