पहिला क्रमांक कोणाचा?

जगातील सर्वाधिक वर्दळीच्या कंटेनर बंदरांच्या यादीत २०१० पासून शांघाय अग्रस्थानी आहे. २०२४ साली त्याने ५ कोटी एककांचा टप्पा ओलांडला. सिंगापूर ४ कोटी ११ लाखांवर राहिले. एकक म्हणजे वीस फुटी पेटी. चाळीस फुटी पेटीची दोन धरतात.

मात्र ही मोजणी पेट्यांची नसून त्यांच्या चढउताराची असते, हे ध्यानात घेतल्याशिवाय ही यादी वाचू नये असे आम्हांस वाटते. एका जहाजातून सिंगापूरच्या धक्क्यावर उतरलेली पेटी दुसऱ्या जहाजात चढली की तिची नोंद दोनदा होते. मग ती बंदराच्या फाटकाबाहेर न का पडेना. रिकामी पेटीही मोजली जाते. सिंगापूरची बहुतांश उलाढाल अशा बदलीच्या मालाची आहे. शांघायची मुख्यतः यांगत्झे खोऱ्यातील कारखान्यांची. एक जंक्शन, दुसरी वेस. दोहोंची तुलना एकाच रकान्यात!

हा रकाना फार जुना नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. कारखान्यातच भरून बंद केलेली पेटी थेट जहाजावर चढू लागली, तशी शहरालगतची गोदामे आणि तिथले हजारो हात निरुपयोगी ठरले. एकोणिसाव्या शतकात अग्रगण्य असलेल्या लंडनची ईस्ट इंडिया गोदी १९६७ मध्ये बंद झाली, रॉयल गोद्या १९८१ मध्ये. मॅनहॅटन व ब्रुकलिनच्या धक्क्यांचे काम खाडीपलीकडे न्यू जर्सीत गेले. मुंबईच्या वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ मध्ये असेच पलीकडच्या काठावर सुरू झाले. कॉनरॅडच्या वाचकाला बंदर म्हणजे खलाशी, दलाल, हमाल. यादीत माणसांचा रकानाच नाही.

हाँगकाँगचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९९० च्या दशकात बहुतेक वर्षे आणि पुढे २००४ पर्यंत ते पहिले होते. २०२४ मध्ये त्याची नोंद १ कोटी ४० लाखांच्याही आत आली. याला ‘घसरण’ म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः पर्ल नदीच्या मुखप्रदेशातील माल आटला नाही, उलट वाढला. पूर्वी तो हाँगकाँगमार्गे जाई, आता शेजारच्या शेन्झेनच्या धक्क्यांवरून परस्पर जातो, आणि शेन्झेन २०२४ मध्ये ३ कोटी ३० लाखांच्या वर पोहोचले.

आणि खुद्द शांघाय? नदीमुखातील गाळामुळे मोठ्या जहाजांना खोल पाणी मिळेना, म्हणून २००५ मध्ये यांगशान बेटांवर नवे बंदर उघडले; तिथवर सुमारे ३२ किलोमीटरचा सागरी पूल आहे. शांघायच्या खात्यातील पेट्यांचा मोठा हिस्सा तिथे हाताळला जातो. ती बेटे मात्र शेजारच्या झेजियांग प्रांताची आहेत, ज्याचे निंगबो-झोशान बंदर याच यादीत शांघाय-सिंगापूरपाठोपाठ तिसरे आहे.