शेवटी गाणारा माणूस

दिवाळी संपली की आमच्या तिरोडा तालुक्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दिवसा गोवाऱ्यांची ढाल, मिठाईची दुकानं, घरोघरी पाहुणे. रात्री दंडार नाहीतर नाटक, पार उजाडेपर्यंत. या सगळ्यात एका कामाला आमच्याकडं नावच नाही. कुणाला बोलवायचं, कुणाला आधी उभं करायचं, पैसे कशावर घालायचे हे ठरवायचं काम. ते करणारा माणूस स्टेजवर दिसत नाही. रात्र फसली की मात्र सगळं गाव त्यालाच धरतं.

बाहेरच्या जगात त्याला आर्टिस्टिक डायरेक्टर म्हणतात. १९८२ साली इंग्लंडमध्ये पीटर गॅब्रिएल, थॉमस ब्रूमन आणि त्यांच्या मित्रांनी ‘वोमॅड’ नावाचा महोत्सव सुरू केला. जगभरचं संगीत एका मैदानावर आणायचं, अशी कल्पना. गाणी गाजली आणि पैसे बुडाले. इतके बुडाले, की कर्ज फेडायला गॅब्रिएलला त्याच वर्षी जुन्या ‘जेनेसिस’ बँडबरोबर एकत्र येऊन कार्यक्रम करावा लागला. ब्रूमन पुढं बरीच वर्षं तिथला कलात्मक संचालक होता. ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव तर १९८७ सालचं. रेकॉर्डच्या दुकानात या कॅसेटी कोणत्या पाटीखाली ठेवायच्या, एवढ्यासाठी लंडनच्या एका पबमध्ये बसून ठरवलेलं!

आपल्याकडं हे काम त्याच्या जवळपास तीस वर्षं आधी एका गवयानं अंगावर घेतलं होतं. भीमसेन जोशी. त्यांच्या गाण्याबद्दल एवढं लिहिलं गेलंय, की मी त्यात भर घालणार नाही. मला त्यांची दुसरी नोकरी जास्त खुणावते, बिनपगारी आणि बिननावाची.

१९३३ मध्ये, अकरा वर्षांचे असताना, ते गुरू शोधायला घरातून पळाले. विनातिकीट रेल्वेनं ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर असं फिरले. शेवटी गुरू सापडला तो घराजवळच, कुंदगोळला : रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. या भटकंतीची गोष्ट नेहमी जिद्दीची म्हणून सांगतात. मला वाटतं, एका संयोजकाचं शिक्षणही तिथंच झालं. किराणा घराण्याची पक्की तालीम मिळण्याआधी हा मुलगा निरनिराळ्या गावांतलं निरनिराळं गाणं ऐकून बसला होता.

१९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले. १९५३ पासून पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळातर्फे त्यांच्या स्मृतीचा महोत्सव सुरू झाला. गुरूच्या नावाचा कार्यक्रम सहसा घराण्याचा घरगुती समारंभ होऊन बसतो. शिष्य गातात, शिष्यांचे शिष्य गातात, शेवटी पेढे. इथं तसं झालं नाही. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा अशी सगळी घराणी आली, वाद्यं आली, नृत्य आलं, दक्षिणेचे कलाकार आले. ‘सवाईत गायला’ एवढं सांगितलं की कलाकाराचं पुढचं कुणी विचारेना.

आणि भीमसेन गायचे सगळ्यात शेवटी. ज्येष्ठानं शेवटी गावं ही मैफलीची रीतच आहे, त्यात नवल नाही. पण संयोजकानंच शेवटी गायचं, तर त्याचा हिशेब वेगळा होतो. आधीच्या कुणाचं लांबलं की फटका स्वतःलाच. शिवाय भीमसेन ऐकायचे म्हणून लोक उठत नाहीत, त्यामुळं त्यांच्या आधी गाणाऱ्याला भरलेलं मैदान मिळतं. आपल्या नावाची गर्दी दुसऱ्याला उसनी द्यायची, याहून मोठं संयोजन मला तरी माहीत नाही.

हे जमायचं, कारण हाताशी अख्खी रात्र होती. मध्यरात्रीला दरबारी, मग मालकंस, पहाटेला ललित, उजाडल्यावर तोडी. राग घड्याळाला बांधलेले. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरले. नियम चुकीचा नाही. म्हातारी, आजारी माणसं, परीक्षेची पोरं यांना झोप हवीच. पण सवाईची रात्र गेली. सकाळचं सत्र घेऊन पहाटेच्या रागांची सोय करता येते, मध्यरात्रीच्या रागांचं काय करणार? भीमसेन तिथं शेवटचं गायले ते २००७ मध्ये. २०११ मध्ये ते गेले आणि महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव जोडलं गेलं. कोविडची दोन वर्षं सोडली तर तो चालू आहे.

आता आमच्याकडं या. दंडारीचा जीवही रात्रीतच. उघड्यावर, ढोलकीवर, बाप्यांनी लुगडी नेसून केलेला खेळ. आमच्याच रेल्वेलाइनवर पलीकडं छत्तीसगड लागतं, तिथं ‘नाचा’ आहे. ते नाचाचे कलावंत घेऊन हबीब तन्वीर १९८२ मध्ये, म्हणजे वोमॅड सुरू झाला त्याच वर्षी, ‘चरणदास चोर’सह एडिंबरोला गेले आणि फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन आले. गावचा नाच्या तिथं नाच्याच राहिला, फक्त त्याला नीट जागी उभं करणारा माणूस भेटला. दंडारीला तसा कुणी का भेटला नाही, हे मला टोचतं. झाडीपट्टीच्या नाटकाला वडसा मिळालं. तिथं कंपन्या उभ्या राहिल्या, तिकिटं लागली, सीझन ठरला. दंडार तशीच मंडईच्या भरवशावर राहिली.

जवळच्या एका गावात माझे एक काका मंडईची ही निवड करतात. मी त्यांना म्हटलं, काका, दंडारीला चांगली वेळ का देत नाही? ते म्हणाले, “नाटक आधी ठेवलं का लोकं नाटक पाहून घरी जातेत. दंडार आधी ठेवली का नाटकाच्या टायमालेच येतेत. तूच सांग, कवा ठेवू?”

मी त्यांना भीमसेनांचं सांगितलं, शेवटी गाण्याचं. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पन त्यायच्यासाठी लोकं थांबत होते ना बाबू. आमच्यात तसा कोन हाय, थे पयले शोधा लागन.”

सध्या त्यांनी नाटकाच्या दोन अंकांमध्ये दंडारीला अर्धा तास दिला आहे. त्या वेळात बरेच लोक चहाला उठतात. काहीजण बसून राहतात.